बारा गावचं पाणी

"अमकी म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेली आहे हो!" असं कुणाबद्दल म्हटलं की ते काही कौतुकाने म्हटलेलं नसतं, हे तुम्हांआम्हां सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मला या म्हणण्यात एक शहाणपणही दिसत आलं आहे. गाव ओळखायचं ते त्याच्या पाण्यावरून, असं आपल्या जुन्या माणसांना वाटत असलं पाहिजे. आणि त्यात खोटं काय आहे? लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचे केस गळायला लागले की "हिला इकडचं पाणी मानवलं नाही" असंच आपण म्हणतो. बदलीच्या गावी गेल्यावर पहिल्याच दिवशी तुरीची डाळ शिजेनाशी झाली की शेजारीण हसून सांगते, "अहो, बोअरचं पाणी आहे, जड आहे. नळाचं घ्या, नाहीतर डाळ आदल्या रात्री भिजत घाला." म्हणजे गावाची पहिली ओळख आपल्याला स्वयंपाकघरातच होते.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे सहावीच्या मुलींना मध्ये विचारलं, "आपल्या महाराष्ट्रातल्या शहरांची वैशिष्ट्यं सांगा पाहू." भराभर हात वर झाले. नागपूरची संत्री, सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल, नाशिकची द्राक्षं. मग विचारलं, "आणि आपल्या गावात पाणी कुठून येतं?" एका सुरात उत्तर आलं, "नळातून!"

मुलींना हसण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी कितीजणींना ते ठाऊक असतं? म्हणून म्हटलं, या वेळी शहरांच्या गमती सांगायच्या त्या संत्री-चादरींच्या नको, पाण्याच्या सांगू. कुठल्या गावाने आपल्या बायकांच्या हंड्या-कळश्या कशा भरल्या, ते बघू. जवळपासची गावं घेऊ, दूरदेशीचीही घेऊ. तुम्ही मात्र मोजत जा हं, किती गावं होतात ते.

जमिनीखालून चालत आलेलं पाणी

सुरुवात पुण्यापासून करू. मुठा नदी उशाशी असताना पुण्याला पाणी आणायला कात्रजला कशाला जावं लागलं, असं कुणी विचारील. पण नदी होती खाली आणि पेठा वाढत होत्या वर, नदीपासून दूर. तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. 'नळ' म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तशी वीतभर रुंदीची नळी नव्हे. माणूस उभा राहून चालू शकेल असा तो बोगदाच आहे. पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंचावर आणि शहर सखल, एवढ्या उतारावरच पाणी आपलं आपण चालत आलं. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं ठेवली, त्यांना नाव काय दिलं, तर 'उच्छ्वास'. पाण्यालाही दम घ्यायला जागा हवी, असंच जणू!

हे पाणी पेठांमधल्या हौदांत उतरायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी ही नावं पुण्याच्या मैत्रिणी अजूनही पत्ता सांगताना घेतात. बस थांबते, रिक्षा वळते, पण हौद म्हणजे पाण्याचा हौद हे कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरं गाव संभाजीनगर, म्हणजे आपण कालपरवापर्यंत औरंगाबाद म्हणत होतो ते. (नाव अधिकृतपणे बदललं २०२३ साली.) हे शहर खडकी या नावाने वसवलं मलिक अंबरने, १६१० मध्ये. हा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या हबशी मुलखातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने शहरासाठी 'नहर-ए-अंबरी' हा जमिनीखालचा कालवा खोदवला. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी गोळा करून ते उताराने गावात आणायचं, अशी ती युक्ती. पुढे त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकात त्यांतल्या एकीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की चालू झाली. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. पहाटे उठून जातं ओढणाऱ्या त्या काळच्या बायकांना ही चक्की बघून काय वाटलं असेल, याची आपली आपणच कल्पना करावी.

तिसरं बऱ्हाणपूर. मध्य प्रदेशात, पण आपल्या सीमेला लागूनच. जळगाव-भुसावळकडच्या मैत्रिणींचं तर जाणंयेणंच असतं. मुमताज महलचा अंत या गावी झाला, १६३१ साली, हे ताजमहालामुळे पुष्कळांना माहीत असतं. पण बऱ्हाणपूरचं खरं नवल जमिनीखाली आहे. ज्यांचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केले, त्या रहीम यांच्या, म्हणजे अब्दुल रहीम खानखानांच्या कारकिर्दीत १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने इथे कुंडी भंडाऱ्याची योजना केली. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवायचं, ओळीने शंभरावर कुंड्या म्हणजे विहिरी खोदायच्या आणि त्या सगळ्या तळाशी बोगद्याने एकमेकींना जोडायच्या. एकीचं पाणी दुसरीला, दुसरीचं तिसरीला. चारशे वर्षं झाली, त्या बोगद्यात अजून पाणी वाहतं आहे.

या तिन्ही गावांत गंमत एकच. पाणी झाकून आणलं, म्हणून ना उन्हाने आटलं, ना वाटेत घाण झालं. आपण घरी माठावर झाकण ठेवतो, तेच त्यांनी गावासाठी केलं.

ज्याच्या दारी पाणी, त्याच्या हाती सत्ता

पण पाणी गावात आलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं, असं मात्र कधीच नव्हतं. पुण्याच्या हौदांची नावं आपण आत्ता कौतुकाने घेतली, त्याच पुण्यात कित्येक आयाबायांना हौदाजवळ उभं राहायचीही बंदी होती. कुणाला दया आली आणि त्याने वरून ओतलं, तर घागर भरायची. १८६८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसांसाठी खुला केला. सावित्रीबाई त्या घरच्या गृहिणी होत्या. स्वतःच्या दारातला हौद खुला करायचा, म्हणजे रोज शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोलणी ऐकून घ्यायची. ते घरातल्या बाईच्याच वाट्याला आधी येतं, हे मी तुम्हांला वेगळं सांगायला नको.

आणि म्हणून चौथं गाव महाड. या लहानशा शहराची ओळख रायगडाची वाट एवढीच देणं बरोबर नाही. पिण्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला ते हे गाव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर आणि तळं होतं तिथेच! अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. त्यानंतर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करण्याचे प्रकार झाले, खटला झाला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! त्याच वर्षी, म्हणजे १९२७ च्या डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळं भाषण केलं होतं. पाण्याची गोष्ट बायकांना सांगितल्यावाचून पुरी होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मुंबईचे तलाव गेले कुठे?

पाचवं गाव आपली मुंबई. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही नावं घेताना कधी शोधलंत का, की यांतला तलाव कुठे आणि टाकी कुठे? ते सगळे खरोखरीचे पाणवठे होते. बुजवले गेले आणि नावं तेवढी राहिली. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईच्या नळांना बाहेरचं पाणी मिळू लागलं. मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, पुढे वैतरणा, भातसा असं करत करत आज मुंबई सात तलावांचं पाणी पिते. त्यांतले विहार आणि तुळशी एवढे दोनच शहराच्या हद्दीत. बाकीचे दूर ठाणे, पालघर, नाशिककडच्या डोंगरांत. त्यातही सगळ्यांत मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसाचा. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका रांगा लावतात. मुंबईच्या मैत्रिणींनो, तुमच्यावर राग नाही हो! पण बाल्कनी धुताना हे मनात असावं.

मुंबईत एक विहीर मात्र बघण्यासारखी उरली आहे. चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ ची. समुद्र एवढा जवळ, पण विहिरीचं पाणी गोडं. पारशी मंडळी तिला पवित्र मानतात, दिवा लावतात. पवित्र मानली म्हणूनच ती टिकली, असं मला वाटतं. आपणही पूर्वी बाळंतिणीला विहिरीवर नेऊन पूजा करवत होतोच की.

पाण्यातलं गाव, पण प्यायला पाणी नाही

आता जरा दूरदेशी जाऊ. सहावं गाव इटलीतलं व्हेनिस. सिनेमात बघतो ना, रस्त्यांच्या जागी कालवे आणि रिक्षाच्या जागी नावा! पण हे सगळं पाणी खारं. प्यायला थेंब नाही, खणलं तरी खारंच लागायचं. मग त्यांनी काय केलं, तर चौकाचौकात पावसाचं पाणी साठवलं. चौक खोल खणायचा, खाऱ्या पाण्याची ओल आत येऊ नये म्हणून तळाला आणि कडांना चिकणमाती थापायची, आत वाळू भरायची आणि मधोमध विटांची विहीर बांधायची. चौकात पडलेला पाऊस कडेच्या दगडी जाळ्यांतून वाळूत उतरायचा, वाळूतून गाळून विहिरीत यायचा. १८५८ मध्ये मोजदाद झाली तेव्हा घरोघरच्या मिळून अशा सहा हजारांवर विहिरी भरल्या. सार्वजनिक विहिरींना लोखंडी झाकणं असत आणि ती ठरल्या वेळीच उघडत. आपल्याकडे नळाची वेळ असते, तशी तिकडे विहिरीची वेळ!

आणि हे पाणी घरोघर कोण पोचवत असेल? बायकाच. डोंगराळ फ्रिउली भागातून आलेल्या गरीब बायका खांद्यावर वाकडी काठी घेऊन, तिच्या दोन टोकांना दोन बादल्या अडकवून पाणी विकत फिरायच्या. आपल्याकडच्या कावडीसारखंच ते. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं, सान मार्को चौकात कारंजं उडवून जल्लोष झाला. हळूहळू विहिरींवर कायमची झाकणं पडली आणि त्या बायकांचं कामही संपलं. आज प्रवासी त्या दगडी काठांवर बसून फोटो काढतात.

हे वाचताना मला आमच्याच अंगणातली गोष्ट आठवत राहिली. आमच्या इमारतीच्या मागे जुन्या वाड्याची बांधीव विहीर आहे. वाडा पडला, इमारत झाली, विहीर राहिली. आता ती बुजवून स्कूटरी-मोटारींसाठी जागा करायचा घाट घातला आहे. बैठकीची नोटीस निघाली ती सभासदांच्या नावे, आणि सभासद म्हणून नावं कुणाची, तर घरोघरच्या 'ह्यां'ची. मे महिन्यात टँकर आला की बादल्या घेऊन खाली धावायचं आम्ही, आणि विहिरीचं काय करायचं हे ठरवायचं त्यांनी! आम्ही चौघीजणींनी मग एक अर्ज लिहिला. विहीर बुजवू नये, वर मजबूत जाळी बसवावी, गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडावं, आणि पाणी तपासून येईपर्यंत ते फक्त धुण्याला नि संडासाला वापरावं, अशा चार मागण्या. आमच्या घरी हा अर्ज वाचून आधी हसले, मग गच्चीचं माप घ्यायला टेप घेऊन वर गेले. दोघा-तिघा गृहस्थांना मात्र अजून गाड्याच महत्त्वाच्या वाटतात. बैठक पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते खरं.

वाहते नळ आणि छपरावरचा पाऊस

सातवं गाव रोम. इथल्या रस्त्यांवर १८७४ पासून बिडाचे छोटे नळ उभे आहेत, त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाकाड! तोटी बाकदार नाकासारखी, म्हणून. हे नळ रात्रंदिवस वाहत असतात. तोटीच्या तोंडाशी बोट धरलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते आणि ओठ न लावता पिता येतं. आपल्याकडची पाणपोईच म्हणा ना. रोमचं जगप्रसिद्ध ट्रेव्ही कारंजं आहे, त्याचा पाण्याचा स्रोत तर इसवी सनापूर्वी १९ व्या वर्षी बांधलेल्या नहरीचा. पण अशा पाणीदार शहरावरही वेळ आलीच. २०१७ च्या दुष्काळात त्या नाकाडांपैकी बऱ्याच नळांचं पाणी बंद करावं लागलं.

आठवं गाव हॅमिल्टन, बर्म्युडा बेटांची चिमुकली राजधानी. तिथे नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. पण घरं मोठी देखणी. रंगीत भिंती आणि वर पांढरीशुभ्र, पायऱ्यापायऱ्यांची छपरं. ही पांढरी छपरं शोभेसाठी नाहीत बरं का! पायऱ्यांमुळे पाऊस सावकाश उतरतो, पन्हळीत जातो आणि घराखालच्या टाकीत साठतो. छपराला चुना फासलेला, म्हणून पाणीही स्वच्छ राहायला मदत. घर बांधायचं तर छपरावरचं पाणी साठवलंच पाहिजे, असा तिथला कायदाच आहे. म्हणजे तिकडची गृहिणी छप्पर झाडते, तेव्हा ती आपलं पिण्याचं भांडंच घासत असते.

नववं गाव हाँगकाँग. १९६३ मध्ये तिथे असा दुष्काळ पडला की चार दिवसांतून एकदा, तेही चार तास पाणी यायचं. जवळजवळ वर्षभर हे चाललं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत आजही आठवड्याने नळ येतो, तिथल्या मैत्रिणींना याचं नवल वाटणार नाही. पण हाँगकाँगने एक धडा आधीच गिरवायला घेतला होता. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे संडासासाठी समुद्राचं खारं पाणी वेगळ्या नळाने द्यायला सुरुवात झाली. आज तिथल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांच्या घरी संडासात खारं पाणी वापरतात. पिण्यायोग्य केलेलं गोडं पाणी संडासात ओतायचं नाही, एवढा साधा विचार. आपल्या दारी समुद्र नसला, तरी कपडे खळबळलेलं पाणी असतंच की!

पाण्याची रांग आणि पाण्याची गाडी

दहावं गाव लातूर. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातल्या मैत्रिणी विसरणार नाहीत. धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ लागली, तेव्हा तिथे पाचांपेक्षा अधिक माणसांनी जमू नये, असा हुकूम काढावा लागला. पाणवठ्यावर जमावबंदी! आणि मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली, 'जलदूत' नावाची. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेचं पाणी रुळांवरून आलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं पाच लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती. हिशेब करा, माणशी जेमतेम सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पाऊस येईपर्यंत येत राहिल्या. लातूर तगलं, पण किती घरांतल्या पोरींच्या सुट्ट्या त्या रांगांत गेल्या, त्याची मोजदाद कुठल्या वहीत नाही.

अकरावं गाव दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन. २०१८ मध्ये तिथे तीन वर्षांच्या अवर्षणानंतर नळ बंद पडायचा दिवसच जाहीर झाला होता. त्याला 'शून्य दिवस' म्हणत. तो दिवस आला तर दोनशे केंद्रांवर रांग लावून माणशी रोज पंचवीस लिटर पाणी घ्यायचं, असं ठरलं. त्याआधी १ फेब्रुवारीपासून माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा घातली. लोक दोन मिनिटांत अंघोळ उरकू लागले, अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरू लागले. शहराचा रोजचा वापर तीन वर्षांपूर्वी होता त्याच्या निम्म्याहून खाली आला. पाऊस पडला आणि तो शून्य दिवस आलाच नाही! एखादं धरण बांधून जे पाणी मिळालं असतं, ते घराघरातल्या बादल्यांनी मिळवून दिलं.

आपल्या घरचा हिशेब

आता वहीपेन्सिल घ्या. आपल्याकडे शहरी योजनांमध्ये माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. घरात चार माणसं असली तर ५४० लिटर. पाऊस मोजायचं गणित तर त्याहून सोपं आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी. समजा, गच्ची साठ चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटर, तर ३६,००० लिटर. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी २८,८०० उरतात. रोज ५४० लिटर वापरणाऱ्या घराला ते ५३ दिवस पुरेल, आणि केप टाऊनच्या बेताने, म्हणजे चौघांत २०० लिटर वापरलं, तर तेच पाणी १४४ दिवस जाईल. गच्चीवर पडून गटारात जाणाऱ्या पाण्याचा हा हिशेब आहे.

घरात लगेच करण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

एक, सकाळी नळ आला की कालचं पाणी 'शिळं' म्हणून ओतून टाकू नका. पाणी पोळीसारखं शिळं होत नाही. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही चालतं. मन घेतच नसेल, तर पोछ्याला किंवा झाडांना घाला.

दोन, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात धरा आणि तुळशीला, कढीलिंबाला घाला. भाजी वाहत्या नळाखाली न धुता परातीत धुवा.

तीन, गळका नळ दिसला की रात्री खाली तांब्या ठेवा आणि सकाळी किती भरला ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. वायसर बदलायला कुणी टाळाटाळ करणार नाही.

चार, गच्चीचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायचं असेल, तर पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडून घ्या, पहिल्या एकदोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या, आणि नळीच्या तोंडाशी खडी-वाळूची गाळणी करवून घ्या. असं पाणी तपासल्याशिवाय प्यायला मात्र घेऊ नका.

आणि हो, मोजलीत का गावं? अकराच झाली ना! बारावं गाव तुमचं. आपल्या गावात नळ कधी आला, त्याआधी पाणी कुठून भरत होते, कुठला आड, कुठली बारव, कुठला हौद होता, कुणाला तिथे भरू देत होते आणि कुणाला नाही, हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा. सासूबाई, आजेसासूबाई, शेजारच्या काकू, कुणीही. दुपारची भांडी झाली की निवांत बसा त्यांच्यापाशी. तो पाणवठा आज आहे का, हे उठून बघूनही या. आणि मग चार ओळी लिहून आमच्याकडे धाडा. उन्हाळा तोंडावर यायच्या आत ती पत्रं आपण याच पानावर एकत्र वाचू.